पाणी कमी, म्हणून मगरी कमी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: बडोद्यातला तरुण, वय २९, केमिकल कारखान्यात इंजिनियर. गुलमर्गला स्कीइंगचे दोन कोर्स केले आहेत. गेल्या फेब्रुवारीत एका स्थानिक गाईडबरोबर आखलेल्या उतारांच्या बाहेरही आठवडाभर हिंडला. त्याच्या नादाने तीन मित्र तयार झाले आणि चौघांनी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याची तिकिटं काढली. बेत असा की गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, खालच्या गर्दीत घसरायचं नाही, स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे मागे न घसरू देणारी पट्टी, लावून आपल्या पायांनी चढायचं आणि पलीकडच्या कोऱ्या बर्फातून उतरायचं. गाईड या वेळी नको, कारण ‘अजून थोडासाच बर्फ आहे, एवढ्यात काय कोसळणार?’ तिथल्या ओळखीच्या माणसाने फोनवर सांगितलं की नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकदा बर्फ पडला आणि नंतर तीन आठवडे लख्ख कोरडं आहे. मित्र खूश आहेत. वाचकाच्या मनात मात्र पाल चुकचुकते आहे. ‘पण यांना नाद मीच लावला. आता मीच मागे सरलो तर घाबरट ठरेन.’ घरी आईला ‘काश्मीर फिरायला चाललोय’ एवढंच माहीत आहे. प्रश्न दोन. हंगामाच्या सुरुवातीला हिमस्खलनाचा धोका खरंच कमी असतो का? आणि आईला सांगावं का?

ताईंचं उत्तर:

ताई म्हणून लिहिलंस, तेव्हा अरे-तुरेच करते.

तुझ्या पत्रात ‘थोडासाच बर्फ’ हे शब्द तीनदा आले आहेत. आधी तेच बघू. एप्रिल-मेमध्ये काळा घोड्याच्या पुलावरून खाली मगरींच्या विश्वामित्री नदीकडे बघितलंस कधी? पाणी नाल्याएवढं. म्हणून कोणी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पलीकडे चालत जातं का? बडोद्याचं शेंबडं पोरही जाणार नाही. पाणी आटलं तरी मगर तिथेच असते, उलट उरलेल्या डबक्यातच असते, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. बर्फाच्या बाबतीत मात्र आपली अक्कल बडोद्यातच राहते, कारण बर्फ आपण बघितला तो गोळ्यातला नाहीतर फ्रीजमधला.

बरीच वर्षं झाली, मी एका गिर्यारोहणाच्या कोर्सला गेले होते. एका सकाळी आमच्या गढवाली उस्तादांनी उतारावर फावड्याने जमिनीपर्यंत चर खणला. बर्फ कमरेइतकाही नव्हता. वरचा थर घट्ट, पांढराशुभ्र, फावडं मारलं की ठोकळा निघायचा. तळाला मात्र वीतभर जाडीचा करडा, भुसभुशीत थर. त्यातली मूठभर त्यांनी माझ्या हातमोज्यावर ओतली. दाणे चमकत होते, एकमेकांना अजिबात चिकटत नव्हते, बोटांमधून ओघळून गेले. ‘ये चीनी है,’ म्हणाले, ‘इस पे मकान बनाओगी?’

ही साखर होते कशी, ते तुला इंजिनियर म्हणून पटकन कळेल. बर्फाखालची जमीन शून्याच्या आसपासच राहते, बर्फच तिचं पांघरूण. वरचा पृष्ठभाग निरभ्र रात्री उणे पंधरापर्यंत सहज जातो. बर्फ दीड मीटर जाड असेल तर हा पंधरा अंशांचा फरक दीडशे सेंटिमीटरवर वाटला जातो, म्हणजे दर दहा सेंटिमीटरला एक अंश. बर्फ पन्नासच सेंटिमीटर असेल तर तोच फरक दर दहा सेंटिमीटरला तीन अंश होतो. दहा सेंटिमीटरला एका अंशाच्या पुढे गेलं की बर्फाचं रूप पालटायला लागतं. खालच्या उबदार दाण्यांची वाफ वर सरकते, थंड दाण्यांवर पुन्हा गोठते, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत एकमेकांना धरून बसलेल्या बर्फाचे सुटे, कोनदार खडे होतात. तेव्हा तुझ्या मित्रांना जी गोष्ट आनंदाची वाटली, थोडा बर्फ आणि वर तीन आठवडे कोरडं आभाळ, तीच साखर तयार व्हायची पाककृती आहे.

आता यावर डिसेंबरात नवा बर्फ पडणार. वारा त्याला दाबून बसवणार. संक्रांतीला वड्या थापताना आपण ताटाला तूप लावतो ते वडी अलगद सुटावी म्हणून. इथे तुपाच्या जागी साखर आहे, आणि सुरी म्हणजे तुझी स्की. फरक एवढाच की ताटात सुरी फिरते तिथेच वडी सुटते. डोंगरावर एका जागी तडा गेला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत आडवा पळतो आणि अख्खी वडी तुझ्यासकट निघते. तू तिच्या मधोमध उभा असतोस, कडेला नाही. स्की करताना जे लोक हिमस्खलनात मरतात, त्यांतल्या दहापैकी नऊ वेळा ते त्यांनी स्वतः किंवा त्यांच्यातल्याच कोणीतरी सुरू केलेलं असतं. आभाळातून संकट कोसळलं, असं फारच क्वचित.

‘थोडासाच’चाही हिशेब मांडू. फक्त चाळीस सेंटिमीटर जाडीची वडी धर, तीस मीटर रुंद, चाळीस मीटर लांब. चारशे ऐंशी घनमीटर झाले. वाऱ्याने दाबलेला बर्फ घनमीटरला दोनशे किलो धरला तर शहाण्णव टन. मालाने भरलेले नऊ-दहा ट्रक. डोंगराच्या मानाने हे पिल्लू. आणि सुरुवातीच्या हंगामात ओढ्यांच्या घळी अजून बर्फाने भरलेल्या नसतात. रुंद मैदानात पसरलं असतं तर घोट्याएवढं झालं असतं, ते सगळं घळीत तुझ्या डोक्यावर येऊन साचतं. वाटेत दगड आणि झाडांचे बुंधे उघडे. गुदमरायच्या आधी आपटूनच जीव जातो, असंही होतं.

तुझे मित्र म्हणतील, दगड वर दिसतायत म्हणजे बर्फ धरून ठेवलेला आहे. उलट आहे. दगडाभोवती बर्फ सगळ्यात पातळ आणि सगळ्यात साखरी असतो. तीन जण सुखरूप उतरतात आणि चौथा त्या दगडाजवळून वळतो, तेव्हा तडा जातो. आधीच्यांच्या रेघा दिसल्या म्हणून उतार पास झाला असं नाही.

आणि हे तुझ्या फोनवरच्या ओळखीच्या माणसाने सांगितलं नसणार, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. डिसेंबरात तुम्ही चौघं तिथे काय शोधणार? स्की करण्याइतका बर्फ. मैदानात तो नसणार, उन्हाच्या अंगाला नसणार, खाली पाइनच्या रानात नसणार. तो सापडेल वर अफरवट डोंगराच्या धारेलगत, वाऱ्याने आणून टाकलेल्या पन्हाळींमध्ये, उत्तरेकडच्या सावलीत जिथे नोव्हेंबरचा बर्फ वितळला नाही. म्हणजे जिथे जुनी साखर शिल्लक आहे आणि वर नवी वडी थापली गेली आहे, नेमकं तिथेच. उरलेल्या डोंगरावर धोका नाही हे खरं, पण उरलेल्या डोंगरावर तुम्ही जाणारच नाही आहात. आटलेल्या नदीत पोहायला जाणारा माणूस जसा आपणहून त्या एका डोहाकडे जातो.

हिवाळा नीट सुरू व्हायच्या आधी हिमालयात हे घडतं का, याचा पुरावा लांब शोधायला नको. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि त्याचंच शेपूट उत्तरेला सरकून दोनच दिवसांनी, दिवाळीच्या आधीच्या ऐन ट्रेकिंगच्या मोसमात, नेपाळात अन्नपूर्णा परिसरात थोरोंग ला खिंडीच्या आसपास हिमवादळ आणि हिमस्खलनांत चाळीसहून अधिक माणसं गेली. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडात द्रौपदी का डांडा शिखराच्या वाटेवर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थींची तुकडी हिमस्खलनात सापडली. २९ जण गेले. ती शिकणारी आणि शिकवणारी माणसं होती, बर्फाशी मस्ती करायला आलेली नव्हती. दोन्ही ठिकाणं तुमच्या बेतापेक्षा कितीतरी उंच, मान्य. महिना मात्र ऑक्टोबर.

म्हणून फेब्रुवारी सुरक्षित, असा अर्थ काढू नकोस. १ फेब्रुवारी २०२३ ला याच अफरवटवर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. २०२४ चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ उघडा गेला, फेब्रुवारीत एकदम जोराचा बर्फ आला, आणि २२ तारखेला एक रशियन स्कीअर गेला. साखरेचा थर एकदा झाला की आठवडेच्या आठवडे खाली दबा धरून राहतो. तेव्हा ‘बेत पुढे ढकलू, झालं’ हे पूर्ण उत्तर नाही.

मग फेब्रुवारीत वेगळं काय असतं? आजूबाजूला माणसं असतात. गोंडोलाचा वरचा टप्पा, जवळजवळ चार हजार मीटरपर्यंतचा, चालू असतो. उतारांवर गस्त घालणारे स्की-पेट्रोलवाले ठरावीक भागाची रोज पाहणी करतात, गाईड एकमेकांना बातम्या देतात, काल कुठला उतार सुटला ते चहाच्या टपरीवर कळतं. काश्मिरी पंचांगात चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, २१ डिसेंबरला सुरू होतात. तुम्ही त्याच्याही उंबरठ्यावर पोहोचणार. डोंगर तेव्हा अजून कोणी वाचलेला नसतो. चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते जरूर बघा. पण ते मोठ्या प्रदेशासाठी असतात. तुमच्या पन्हाळीत आज काय आहे, ते त्यात नसतं.

थोडक्यात, काही झालं तर सोडवायला तुम्ही चौघंच. दबलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर तो बहुधा वाचतो. पस्तीस मिनिटांनी तीनातला एकच. खालून कोणी चढून येईपर्यंत हा वेळ केव्हाच संपलेला असतो. परदेशी लोक वापरतात ती उपग्रहावरून मदत मागायची उपकरणं आपल्याकडे परवानगीशिवाय चालत नाहीत, विमानतळावरच अडकाल. आणि गुजरातचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये मुकं होतं, तेव्हा निदान दोघांकडे तरी पोस्टपेड हवं. तू लिहितोस की बर्फाखाली दबलेल्याला रेडिओच्या संदेशावरून शोधायचे जे ट्रान्सीव्हर, त्यांचे चौघांत मिळून दोनच संच आहेत. हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. दोघांकडे आहेत म्हणजे काय रे? कोणत्या दोघांना शोधायचं, ते इथूनच ठरवून जाणार आहात?

चौघांकडे चार ट्रान्सीव्हर, चार प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायच्या लांब काठ्या), चार धातूची फावडी. एवढं नसेल तर चर्चा इथेच संपली. असेल तर सराव बडोद्यातच करता येतो. एकाने चालू ट्रान्सीव्हर डब्यात घालून कोणाच्या तरी शेतावर किंवा बांधकामाच्या रेतीच्या ढिगात मीटरभर खोल पुरायचा, बाकीच्यांनी घड्याळ लावून शोधायचा आणि खणायचा. शोधणं पाच मिनिटांत जमतं, दम निघतो तो खणण्यात. थांबलेलं हिमस्खलन कापसासारखं राहत नाही, थिजून सिमेंट होतं. ओल्या रेतीत त्याची थोडी कल्पना येईल. दहा रविवार केलंत तरी जास्त नाही. तुमच्याकडे तीन आहेत.

आता तुझा खरा प्रश्न. तो बर्फाचा नाहीच. बर्फाचं उत्तर तुला माहीत होतं, कोर्समध्ये हे सगळं शिकवतात. अडलंय ते ‘घाबरट ठरेन’पाशी.

इयन मॅककॅमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने तिथल्या १९७२ ते २००३ मधल्या सातशेहून जास्त हिमस्खलन अपघातांचे अहवाल तपासले. जाणकार माणसंसुद्धा धोक्याच्या खुणा समोर असताना का गेली, हा त्याचा प्रश्न होता. त्याला सापडलेली कारणं वाचली की वाटतं, ही तर आपल्या सोसायटीच्या मीटिंगची आहेत: जागा ओळखीची आहे, ठरलंय तर करायचंच, चारचौघांत बरं दिसावं, पहिली रेघ आपलीच पडावी, आणि ‘त्याला कळतं, तो बघेल.’ तुमच्या चौकडीत ‘तो’ म्हणजे तू. दोन कोर्स आणि एक आठवडा एवढ्या भांडवलावर तू उस्ताद झालायस. तुझे मित्र निर्धास्त आहेत कारण त्यांना वाटतं तू बघशील. तू गप्प आहेस कारण तुला वाटतं ते निर्धास्त आहेत. कोणीच बघत नाहीये!

तू गृहीत धरलंयस की नाही म्हटलं तर मान जाईल. मला वाटतं, तुझ्या तीनपैकी निदान एक जण मनातून तुझ्या नाहीची वाट बघतोय. असं प्रत्येक टोळीत असतं. त्याला तुझ्याइतकीही अक्कल नाही म्हणून तो बोलत नाही, एवढंच.

पर्याय काय काय आहेत? तिकिटं फाडायची गरज मला दिसत नाही. जा. पण डोंगराच्या मागच्या, कोऱ्या बर्फाच्या बाजूला नाही, आणि तीस अंशांच्या वरच्या उतारावर नाही. ही वडी साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटते. तीस अंश म्हणजे किती, ते तुझ्या फ्लॅटच्या जिन्यावर बघ. साडेसहा इंचांची पायरी आणि अकरा इंचांचा तळ असेल तर जिना जवळजवळ तीस अंशांचाच असतो. म्हणजे जिन्यापेक्षा सौम्य उतार. मोबाइलमध्ये कोन मोजायचं अ‍ॅप असतं, काठी बर्फावर आडवी टाकून त्यावर फोन ठेव. आणि नुसतं पायाखाली मोजून भागत नाही, डोक्यावर बघ. तू सपाटीवर असलास आणि वर चाळीस अंशांचा उतार टांगलेला असला, तर ती सपाटी तुझी नाही. चालताना पायाखाली ‘वुम्फ’ असा पोकळ आवाज आला, बर्फ जरासा खचला किंवा स्कीपासून भेगा पळाल्या, तर माघारी. आवाज आला नाही म्हणून पुढे, असं मात्र नाही.

याने मित्रांचा हिरमोड होईल. होऊ दे. स्किन लावून चढणं, खणून थर बघणं, शोधाचा सराव, एवढ्यात चार दिवस मजेत जातात, आणि तीन नवख्यांना तेच हवं आहे. दुसरा पर्याय, स्थानिक गाईड घ्या आणि तो नाही म्हणाला तर पैसे दिलेत म्हणून हुज्जत घालू नका. त्याचे पैसे चार जणांत वाटून बघ. तुझ्या पत्रातल्या नव्या जॅकेटपेक्षा जास्त होणार नाहीत, असा माझा अंदाज. तिसरा, मित्रांनी ऐकलं नाही तर त्यांच्याबरोबर वर न जाणं. हा सगळ्यात अवघड. पण ‘मी गेलो तर निदान त्यांना सांभाळीन’ या विचाराने जाऊ नकोस. उतार सुटला तर सांभाळणारा तिथे कोणी नसतो, चौथा दबलेला असतो.

यांतलं जे ठरेल ते बडोद्यातच ठरवा, धारेवर नाही. वर पाय गारठलेले असतात, ऊन उतरत असतं, समोर कोरा बर्फ असतो. तिथे कोणाचंही डोकं चालत नाही. एक नियम आधी ठरवा: चौघांपैकी कोणीही ‘नाही’ म्हटलं की सगळे मागे फिरतील आणि कारण कोणी विचारणार नाही. चेष्टाही नाही, संध्याकाळी खोलीवरसुद्धा. हा नियम पहिल्यांदा तूच वापर, मुद्दाम, एखाद्या साध्या उतारावर. म्हणजे बाकीच्यांची भीड चेपेल.

आईबद्दल. ‘ती काळजीने आजारी पडेल’ असं लिहिलंस. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री घरात शिरली तेव्हा तुमच्याकडे तळमजल्यावरचं सामान कोणी वर चढवलं, ते तूच पत्रात लिहिलं आहेस. त्या बाईला एवढी लेचीपेची समजू नकोस. शिवाय घरात कोणाकडे तरी कागद हवाच: रोज कुठून निघणार, किती वाजेपर्यंत फोन येईल, न आल्यास हॉटेलचा आणि गाईडचा नंबर. ‘काश्मीर फिरायला’ एवढंच माहीत असलेली आई संध्याकाळी आठ वाजता काय करणार? विम्याचा कागदही तिच्याजवळ ठेव, आणि त्यात साहसी खेळ वगळलेले नाहीत ना, ते आधी वाच. बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असतात.

पण एक विचारते, राग मानू नकोस. आईला सांगावं का, हे तुला नेमकं आत्ता का सुचलं? तिने शपथ घालावी, डोळ्यांत पाणी आणावं, आणि मग तू मित्रांना सांगावंस की ‘काय करू यार, आई ऐकत नाही’, असं तर मनात नाही ना? तसं असेल तर आईला मध्ये घालू नकोस. तुझं नाही तुझ्या तोंडून जाऊ दे, आणि मित्रांशी बोलून झाल्यावर मग आईला सगळं सांग, नकाशा समोर ठेवून. ती प्रश्न विचारेल. तुझ्या मित्रांपेक्षा बरे विचारेल.

येत्या रविवारी चौघांना शेव-उसळीला बोलाव. आधी बोलून घे, मग तर्री वाढायला सांग. तोंड पोळलेलं असताना कोणी नीट ऐकत नाही.

ता. क. जुना ट्रान्सीव्हर विकत घेऊ का, असं विचारलं होतंस. तीन अँटेना असलेला असेल आणि बॅटरीच्या खाचेत हिरवट बुरशीसारखं काही साचलेलं नसेल तर घे. सेल कंपनीने सांगितले असतील तेच घाल, ट्रिप संपली की काढून ठेव. मोबाइल त्याच्यापासून निदान वीस सेंटिमीटर लांब, शोधताना पन्नास. छातीवर एकाच खिशात दोन्ही ठेवायची तुझी सवय फोटोत दिसली, ती आजच मोड.